पहिले तीन दिवस

वाशीहून मुरूडकडे जाणाऱ्या आमच्या होड्यांच्या ताफ्यात तुम्ही प्रथमच येत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की सुरुवातीच्या तीन दिवसांत अंतर कापण्याची घाई करू नका. ठाणे खाडीत पाणी उतरले की काठचा चिखल उघडा पडतो आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे भरती पूर्ण होताच नांगर उचलून ओहोटीच्या ओढीबरोबर बाहेर पडावे, मात्र उधाणात ही ओढ तीव्र असल्याने पुलाच्या खांबांपासून दूर राहावे. दुपारनंतर खारा वारा वाढतो, तेव्हा मुक्काम त्याआधी गाठावा. मळमळ सोबत्यांपासून लपवू नका. मी पहिल्या सफरीत लपवली आणि सुकाणू धरवेनासे झाले, तोवर आमची होडी मागे पडली होती.