कोळशाच्या धुळीच्या स्फोटांचा अभ्यास सुरू करताना

या विषयात नव्याने येत असाल, तर प्रथम इंग्लंडमधील हॅसवेल कोळसा खाणीत १८४४ मध्ये झालेल्या स्फोटावरचा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांचा अहवाल अवश्य वाचा. आधारखांबांना चिकटलेली, भाजून निघालेली कोळशाची भुकटी पाहून त्यांनी ज्वाळेला धुळीचेही इंधन मिळाल्याचे ओळखले होते. तरीही ते सर्वमान्य होण्यास अनेक दशके लागली, आणि १९०६ मध्ये फ्रान्समधील कूरिएर येथील खाणीतल्या स्फोटात सुमारे १,१०० माणसे दगावल्यानंतरच प्रयोगांना खरा वेग आला. हा विलंब मला आजही अस्वस्थ करतो.

कोळशातून सुटणाऱ्या मिथेन या ज्वलनशील वायूचा लहानसा स्फोटही पुढे दाबलहर पाठवतो, ती छतावर आणि भिंतींवर साचलेली बारीक धूळ उडवते, मागून येणारी ज्वाळा ती धूळ पेटवते आणि त्यातून नवी लहर निर्माण होते. त्यामुळे मिथेन नसलेल्या भागातही स्फोट पसरतो. उंचावरची धूळ सहज उडते, म्हणून तिचे नमुने जमिनीवरच्या धुळीत कधीही मिसळू नका.

खाण अभियंता विल्यम गार्फर्थ यांच्या इंग्लंडमधील ऑल्टॉफ्ट्स येथील प्रयोगांनी खाणीतल्या धुळीवर दगडाची भुकटी पसरण्याचा उपाय पुढे आणला. ही न जळणारी भुकटी धुळीबरोबर हवेत उडून ज्वाळेची उष्णता शोषून घेते. अमेरिकेत ताज्या हवेच्या मार्गांतील धुळीत पूर्वी ६५ टक्के अज्वलनशील भाग पुरेसा मानत. यांत्रिक खोदाईमुळे कोळशाची धूळ अधिक बारीक झाल्याचे आढळल्यावर ते प्रमाण ८० टक्के करण्यात आले. मात्र केवळ टक्केवारीवर समाधान मानू नका, कारण ओलाव्याने गोळे झालेली भुकटी ऐन वेळी हवेत उडत नाही. ती सुटी आहे का, हे प्रत्यक्ष जागेवर तपासा.