‘हा बायकांचा विषय, मी त्यात कसा बोलू?’

मुलीचा खतना, म्हणजे तिच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याचा विधी, होऊ नये असे वाटते, पण घरात हा बायकांचा विषय मानला जातो. मग बापाने त्यात बोलावे कसे, असा प्रश्न दाऊदी बोहरा समाजातील तरुण समुपदेशनासाठी माझ्याकडे आणतात. त्यांपैकी एकाची हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देत आहे.

पुण्यात हार्डवेअरचे दुकान चालवणारा हा तिशीतला गृहस्थ. मुलीला सातवे वर्ष लागणार होते आणि साधारण याच वयात हा विधी होत असल्याने ‘सुट्टीत तिला मुंबईला नेते’ एवढेच त्याच्या आईने सांगून ठेवले होते. खतना म्हणजे नेमके काय, हे त्याला लग्नानंतरही ठाऊक नव्हते. शिश्निकेवरची (क्लिटोरिसवरची) त्वचा, काही वेळा शिश्निकेचाही भाग कापला जातो आणि त्याचा आरोग्याला कोणताही लाभ नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे ऐकल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो पत्नीविषयी: ‘तिच्यावरही झाले असेल का? विचारू का तिला?’

चौकशी करू नका, असे मी सांगितले. मुलीवर हे होऊ नये, हे तुमचे मत आधी तिच्यासमोर ठेवा. स्वतःविषयी बोलायचे की नाही, ते तिला ठरवू द्या. त्याने तसे केले, तेव्हा कळले की सासूबरोबर नवऱ्याचीही हीच इच्छा असणार, असे धरून ती गप्प बसली होती, आणि तो मात्र तिची संमती गृहीत धरून बसला होता. हे एकाच घरापुरते नाही. युनिसेफच्या २०१३ च्या अहवालात गिनी, सिएरा लिओन आणि चाड या देशांत ही प्रथा थांबावी असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळले होते. तरीही पुरुषांना या विषयापासून दूर ठेवले जाते म्हणून ते निर्दोष ठरतात, असे मला वाटत नाही. मुलीचे लग्न जमणार नाही, जमातीत मान राहणार नाही, ही भीती त्यांच्याच नावाने घातली जाते आणि ते ती खोडून काढत नाहीत.

आईला कायदा दाखवावा, असे त्याच्या मनात होते. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. मात्र हे कृत्य भारतीय दंडसंहिता आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, यांखाली गुन्हाच ठरते, अशी भूमिका केंद्र सरकारने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली होती आणि त्याच वर्षी ते प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले गेले. हे त्याला माहीत असणे आवश्यकच होते, पण जी बाई स्वतः सातव्या वर्षी यातून गेली असण्याची शक्यता आहे, तिच्याशी बोलण्याची सुरुवात गुन्ह्याच्या भाषेने करू नये, असे मी सुचवले. दोघांनी मिळून सांगितले की हा आमचा निर्णय आहे. ‘तुझ्या बहिणीचेही झाले, तिला काय झाले?’ असे आई म्हणाली, काही दिवस अबोला धरला आणि अखेरीस ‘तुमची मुलगी, तुम्ही जाणा’ म्हणाली.

एवढ्यावर विसंबू नका, हे मी त्याला स्पष्टच सांगितले. त्या सुट्टीत मुलगी मुंबईला गेली ती आईवडिलांबरोबर, आणि त्यांच्याबरोबरच परत आली. पत्नी आता स्वतंत्रपणे माझ्याकडे येते. त्या भेटींत काय बोलणे होते, हे तिने त्याला सांगितलेले नाही आणि त्यानेही विचारलेले नाही.