गेट व्हॉल्व्ह बंद व्हायला दीड मिनिट घेतो, तो दहा सेकंदांत बंद करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेकडीवरच्या टाकीपासून कारखान्यापर्यंत ३०० मिमीची सुमारे ३ किलोमीटर लाइन आहे, कारखान्याच्या टोकाला मोटरवर चालणारा गेट व्हॉल्व्ह आहे, तो पूर्ण बंद व्हायला जवळजवळ दीड मिनिट घेतो आणि साहेबांना तो दहा सेकंदांत बंद झालेला हवा आहे. मी पाणीपुरवठ्याच्या लाइनींवर आधी फिटर आणि मग सुपरवायझर म्हणून २६ वर्षं काढली. तुम्हाला कळकळीने सांगतो, या लाइनीवर हे करू नका.

आधी दीड मिनिट का लागतं ते बघा. गेट व्हॉल्व्हमध्ये पाचरीच्या आकाराची एक झडप असते. पाण्याचा पूर्ण रस्ता अडवायचा तर तिला ३०० मिमी, किंबहुना थोडं जास्तच, खाली यावं लागतं, आणि ती येते स्पिंडलच्या, म्हणजे तिला धरणाऱ्या दांड्याच्या आट्यांवरून. एका फेऱ्याला झडप ६ मिमी सरकत असेल, तर ५०-५२ फेरे झाले. मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते, पण गिअरमधून गेल्यावर अॅक्चुएटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटर-गिअरच्या पेटीच्या तोंडाशी साधारण ३६ उरतात. म्हणजे ८३-८७ सेकंद. तुमचा व्हॉल्व्ह ठणठणीत आहे, त्यात बिघाड काही नाही. मोटरच्या गेट व्हॉल्व्हचा ढोबळ हिशोब आम्ही असा लावायचो: जितके इंच साइज, तितके पाच-पाच सेकंद. १२ इंचाला, म्हणजे तुमच्या ३०० मिमीला, एक मिनिट. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त.

गिअर इतका का उतरवलेला असतो? व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर ६ किलो प्रेशर (म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६ किलो) असेल, तर त्या ३०० मिमीच्या झडपेवर एका बाजूने सव्वाचार टनांचा रेटा असतो. तेवढ्या दाबाखाली ती सीटला, म्हणजे जिथे ती बसते त्या कडेला, घासत वर-खाली न्यायची, तर जोर लागतो, आणि जोर हवा तर वेग सोडावा लागतो. त्याच व्हॉल्व्हला दहा सेकंदांत पळवायचं म्हटलं, तर आठ-नऊ पट ताकदीची मोटर लागेल. वर टॉर्क स्विचने (जोर ठरल्याहून वाढला की मोटर बंद करणारा स्विच) मोटर तोडल्यावरही ती झोकात थोडी फिरत राहते. पाचर सीटमध्ये इतकी घट्ट बसते, की उघडताना स्पिंडल तुटायची वेळ येते.

पण मोटरचा खर्च बाजूला ठेवा. खरा प्रश्न पाण्याचा आहे.

तुमच्या लाइनीत कुठल्याही क्षणी सुमारे २१२ टन पाणी असतं. ते सेकंदाला दीड मीटर वेगाने येत असेल, तर दहा-दहा टनांचे एकवीस ट्रक एकमेकांना जोडून माणसाच्या भरभर चालीने तुमच्या व्हॉल्व्हकडे येत आहेत असं समजा. पाण्याला ब्रेक नसतो. व्हॉल्व्ह बंद झाल्याची बातमी पाइपातून दाबाच्या लाटेने मागे जाते, सेकंदाला साधारण १००० मीटर. टाकीपर्यंत ३ सेकंद, परत यायला ३. या ६ सेकंदांच्या आत पाणी अडलं, तर धक्का पूर्ण बसतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर १८९७-९८ साली निकोलाय झुकोव्स्की यांनी प्रयोग करून हा हिशोब पक्का केला, आणि आजही तोच धरतात: पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरने अचानक घटला, की सुमारे १० किलो प्रेशर वाढतं. तुमचे दीड मीटर म्हणजे १५ किलो, वर मूळचे ६. एकवीस झाले. पाइप जोडणारे फ्लँज पीएन १६ चे, म्हणजे १६ किलोपर्यंतच्या प्रेशरचे असतील, तर तुम्हीच बघा.

आता साहेब म्हणतील, दहा सेकंद तर सहापेक्षा जास्त आहेत. चूक होते ती इथेच, आणि चांगले शिकलेले इंजिनिअरही इथे फसलेले मी पाहिलेत. लांब लाइनीवर गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद केला, म्हणून पाणी अर्धं होत नाही. झडप पाऊण खाली आली तरी पलीकडे पाणी जवळजवळ तेवढंच जात असतं, कारण एवढ्या लांब पाइपाच्या घर्षणापुढे व्हॉल्व्हचा अडथळा अजून किरकोळ असतो. पाणी खरं तुटतं ते शेवटच्या १५-२० टक्क्यांत. म्हणजे दहा सेकंदांच्या बंदमध्ये पाणी थांबतं शेवटच्या दीड-दोन सेकंदांत. सहाच्या कितीतरी आत! आणि तुमच्या दीड मिनिटात ते थांबतं शेवटच्या १३ ते १७ सेकंदांत. १५ सेकंद धरले, तर वाढणारं प्रेशर ढोबळमानाने ६ किलोपर्यंत येतं. तुमची लाइन आजवर शाबूत आहे ती या १५ सेकंदांमुळे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका शहराच्या योजनेवर रात्री दोनच्या सुमारास गळती काढायला ३५० मिमीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करत होतो. चेंबरमध्ये टी-चावी लावलेली, दोन नवीन पोरं ती फिरवत होती, मी फेरे मोजत होतो. आमचा जुना व्हॉल्व्हमन शिकवायचा, की चावीच्या दांड्याला कान लाव. आधी खोल घरघर येते, बराच वेळ काही बदलत नाही, मग आवाज बारीक होत होत शिट्टीवर जातो. शिट्टी लागली की हात आखडायचा, एक फेरा, थांबायचं, पुन्हा अर्धा. त्या रात्री शिट्टी लागली आणि मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत पोरांनी उरलेले पाच-सहा फेरे दमात मारले. व्हॉल्व्ह मोकळा फिरत होता, थंडीत उरकायची घाई होती. चावीने हाताला असा झटका दिला, की एकाच्या हातून ती सुटली. गेजचा काटा टोकाला आपटला. मिनिटाभरात वरच्या अंगाला साधारण एक किलोमीटरवरून फोन आला, जुना बिडाचा पाइप उभा चिरला होता, रस्ताभर पाणी. गळती होती बादलीभर, आणि शहराला दोन दिवस पाणी नव्हतं. चूक माझी होती, फेऱ्यांचा हिशोब माझ्याकडे होता. त्यानंतर शेवटचे दहा फेरे मी कुणाला दिले नाहीत.

तेव्हा साहेबांना आधी विचारा, दहा सेकंद कशासाठी? कारखान्याकडची टाकी भरून वाहते म्हणून हवे असतील, तर लेव्हलचा सिग्नल दोन मिनिटं आधी घ्या, व्हॉल्व्हला हात लावू नका. खरोखरच झटपट बंद हवा असेल, तर ते काम हवेवर चालणाऱ्या बॉल किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्हचं, आणि तोही पाइपलाइन छोटी असेल तिथे. गेट व्हॉल्व्ह मुळात वेगाने बंद होत नाहीत असं नाही. समुद्रातल्या तेलविहिरींच्या तोंडाशी स्प्रिंगने आपोआप मिटणारे गेट व्हॉल्व्ह असतात, अमेरिकेच्या नियमात त्यांना सिग्नलनंतर ४५ सेकंदांची मर्यादा आहे, आणि ते प्रत्यक्षात त्याहून लवकर मिटतात. पण ते त्याच कामासाठी बनवलेले असतात. वाफेच्या लाइनीला तर उलट भीती उघडण्याची. थंड पाइपात साचलेल्या पाण्यावर वाफ एकदम सोडली, की ते पाणी गोळ्यासारखं जाऊन बेंडवर आदळतं. तिथे आधी बायपास आणि ड्रेन, मग मोठा व्हॉल्व्ह.

तुमच्याकडे उलट एक सुधारणा करता येईल. बहुतेक अॅक्चुएटरमध्ये टायमर बसवता येतो, तो शेवटच्या टप्प्यात मोटर दोन-तीन सेकंद चालवतो, चार-पाच सेकंद थांबवतो, पुन्हा चालवतो. पहिले ८० टक्के हवे तर आतापेक्षा थोडे वेगात जाऊ द्या, शेवटचे २० टक्के असे तुकड्यातुकड्याने. एकूण वेळ फारसा वाढत नाही. आणि अर्धा बंद ठेवून पाणी कमी करायला हा व्हॉल्व्ह वापरत असाल, तर ते आजच थांबवा. झडप थरथरते, सीट कापली जाते, आणि मग पूर्ण बंद करूनही पाणी थांबत नाही.

उद्या व्हॉल्व्हच्या अलीकडच्या, म्हणजे टाकीकडच्या गेजपाशी उभे राहून एकदा बंद करून बघा. काटा कितीपर्यंत उडाला, कितव्या सेकंदाला उडाला, आणि फ्लोमीटर असेल तर ताशी किती घनमीटर, एवढं इथे लिहा. पाइप लोखंडी आहे की पीव्हीसीचा तेही कळवा, पीव्हीसीत लाट बरीच हळू जाते. त्यावरून तुमच्या लाइनीचा नेमका वेळ काढून देतो.