चार्जिंगचा तांबडा दिवा आणि अल्टरनेटरची सुरुवात

प्रश्न : माझ्याकडे 1971 सालची फोक्सवॅगन टाइप 2 कॅम्पर व्हॅन आहे. तिचा 30 अँपिअरचा डायनॅमो व त्याचा रेग्युलेटर (विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आटोक्यात ठेवणारा भाग) काढून मी 55 अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) आणि त्याच्या जोडीचा स्वतंत्र रेग्युलेटर बसवला. त्याच वेळी डॅशबोर्डवरील चार्जिंगच्या दिव्यात जुन्या बल्बऐवजी एलईडी घातला. किल्ली फिरवली की दिवा स्वच्छ लागतो. मात्र इंजिन सुरू झाल्यावर तो विझत नाही आणि बॅटरीवर 12.4 व्होल्टच दिसतात. इंजिन जोरात रेस केले की दिवा विझतो व चार्जिंग सुरू होते. दोन रेग्युलेटर बदलून झाले, तरी फरक नाही. पुढे दुसरी बॅटरीही बसवायची आहे. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : तिसरा रेग्युलेटर कृपया विकत घेऊ नका. आपण दिलेल्या वर्णनावरून दोष रेग्युलेटरमध्ये नसून त्या एलईडीत असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे.

आपल्या व्हॅनमधला तांबडा दिवा केवळ सूचना देणारा दिवा नाही, तो चार्जिंगच्या मंडलाचा (सर्किटचा) एक भाग आहे. किल्ली फिरवल्यावर बॅटरीतला थोडासा प्रवाह त्या दिव्यातून निळ्या तारेने डी-प्लस (D+) टर्मिनलवर येतो, रेग्युलेटरमधून डी-एफ (DF) तारेने ब्रशपर्यंत, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपर्यंत, जातो आणि रोटरची, म्हणजे अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागाची, गुंडाळी ओलांडून डी-मायनसला (D−, अर्थिंगची बाजू) मिळतो. रोटरमध्ये पहिले चुंबकत्व निर्माण होते ते या प्रवाहामुळे. एकदा वीज तयार होऊ लागली की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि तो विझतो. 1.2 वॅटचा साधा बल्ब सुमारे 100 मिलिअँपिअर प्रवाह जाऊ देतो, तर सूचक एलईडीतून बहुधा 20 मिलिअँपिअरही जात नाहीत. तेवढ्यावर रोटर जागा होत नाही. मग लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर भिस्त राहते आणि त्यासाठी इंजिन रेस करावे लागते.

येथे नेहमीची चाचणीही फसवते, आणि म्हणूनच मी थोडे विस्ताराने लिहितो. निळी तार सोडवून तिचे टोक बॉडीच्या स्वच्छ धातूला टेकवले, तर एलईडी झकास उजळतो आणि तपासणारा म्हणतो, ‘दिव्याची लाइन ठीक आहे.’ लाइन ठीक असतेच, पण तिच्यातून पुरेसा प्रवाह जात नसतो. जुना बल्ब परत घाला. एलईडी ठेवायचाच असेल तर त्याच्या समांतर 100 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर जोडा. त्यानंतरही दोष राहिला, तर रेग्युलेटरचा प्लग काढून डी-एफ व डी-मायनस या तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजा. तो काही ओहम असावा. मंडल खंडित दिसले तर झिजलेले ब्रश किंवा तुटलेली गुंडाळी यांचा विचार करावा.

आता जाड तारा. मूळ वायरिंग डायनॅमोच्या हिशेबाने केलेले आहे. अल्टरनेटरच्या बी-प्लस (B+) या मुख्य टर्मिनलपासून बॅटरीपर्यंत दोन मीटर अंतर धरले, तर 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत 50 अँपिअरला सुमारे 0.3 व्होल्ट वाया जातात, 16 चौरस मिलिमीटरच्या तारेत 0.1 व्होल्टच्या आसपास. माझ्या मते 16 ची तारच घालावी. गिअरबॉक्स रबरी आधारावर बसलेला असल्याने त्याच्यापासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी गंजलेली नाही ना, हे आवर्जून पाहा. रेग्युलेटरचे डी-मायनस सैल असेल तर त्याला खरा दाब कळत नाही आणि बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते.

सर्व जोडण्या झाल्यावर, हेडलाइट लावून व इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नका. क्षणभराच्या उंच दाबाने अल्टरनेटरमधले डायोड जळतात.

दुसरी बॅटरी हे काम जमल्यावरच जोडा. तिच्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल डी-प्लसवरून घेतली, तर इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या आपोआप वेगळ्या राहतात. त्यांच्यामधील तारेला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज द्यावा. कारण ती तार कुठेही घासून उघडी पडली, तर दोन्ही बाजूंच्या बॅटऱ्या तिच्यात प्रवाह ओततात.