वाचक विचारतात : दानीएलाचे दिवस आणि डोंगरातली लढाई

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याने पोर्तुगिजांविरुद्ध केलेल्या बंडांवरच्या आमच्या लेखात बायबलमधल्या भविष्यवाणीचा ओझरता उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : बायबलमध्ये गनिमी काव्याची लढाई आहे, असं लेखात म्हटलं होतं. माझ्या मराठी पवित्र शास्त्रात ती सापडत नाही. कुठे वाचावी? (फोंडा)

उत्तर : ती मक्काबींच्या पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकात आहे. तुमच्याकडची प्रत बहुधा प्रोटेस्टंट परंपरेची, ६६ पुस्तकांची असावी. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि मक्काबी त्यात आहेत. शेजारच्या एखाद्या ख्रिस्ती घरातलं कोंकणी बायबल मागून घ्या, त्यात मिळेल.

सुरुवात पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायापासून करा. इ.स.पू. १६७ चा सुमार. ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने यहुद्यांचा शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस) आणि सुंता यांवर बंदी घातली आणि यरुशलेमच्या मंदिरात परकी वेदी उभारली. मोदीन गावच्या मत्तथ्या नावाच्या याजकाने राजाच्या अधिकाऱ्याला ठार केलं आणि पाच मुलांना घेऊन डोंगर गाठला. पहिला फटका बसला तो शस्त्रं कमी होती म्हणून नव्हे. गुहांत लपलेल्या सुमारे हजार माणसांनी शब्बाथच्या दिवशी हात उचलायला नकार दिला आणि ती बायकापोरांसह मारली गेली. तेव्हा उरलेल्यांनी ठरवलं की शब्बाथला कोणी चालून आलं तर लढायचं. बंडाला जीवदान मिळालं ते या निर्णयामुळे.

चौथ्या अध्यायातली अम्माऊसची लढाई सावकाश वाचा. शत्रूचा सरदार गोर्गियास पाच हजार पायदळ आणि हजार घोडेस्वार घेऊन रात्री मत्तथ्याचा मुलगा यहूदा मक्काबी याच्या तळावर छापा घालायला निघाला. यहूदाला आधीच सुगावा लागला होता. त्याने तळ रिकामा केला आणि उजाडता उजाडता तीन हजार माणसांनिशी, पुरती चिलखतं-तलवारी नसताना, शत्रूची उरलेली छावणीच गाठली. छावणी पडल्यावर त्याने पहिला हुकूम दिला तो लुटीला हात न लावण्याचा, कारण गोर्गियास अजून डोंगरातच होता. लुटीत गुंतलेली टोळी परतणाऱ्या फौजेच्या हाती अलगद सापडते, हे त्याला ठाऊक होतं.

सहाव्या अध्यायात मात्र तोच यहूदा हत्तींसह आलेल्या मोठ्या फौजेला मैदानी पद्धतीने भिडला आणि हरला. त्याच सुमारास बंडवाल्यांचं तटबंदीचं ठाणं बेथसूर शरण गेलं, कारण आत खायला नव्हतं. ते सातवं वर्ष होतं, म्हणजे जमीन पडीक ठेवायचं वर्ष. त्यामुळे कोठारात दाणाच नव्हता. या एका ओळीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आमच्या मते ती पूर्ण पुस्तकातली सर्वांत मोलाची लष्करी नोंद आहे.

प्रश्न : बायबलच्या दानीएल पुस्तकातल्या ‘एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ’ याचा हिशोब कसा करतात? सध्याच्या युद्धांना तो लागू पडतो का? (मडगाव)

उत्तर : काळ म्हणजे वर्ष धरलं की १ + २ + ½ अशी साडेतीन वर्षं होतात. महिना ३० दिवसांचा धरला की ४२ महिने, म्हणजेच १,२६० दिवस. हे दोन्ही आकडे पुढे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात येतात. आता दानीएलमधलेच इतर आकडे शेजारी मांडा. आठव्या अध्यायात २,३०० संध्याकाळ-सकाळ आहेत. संध्याकाळ आणि सकाळ असे रोजचे दोन यज्ञ धरले तर ते १,१५० दिवस होतात. बाराव्या अध्यायात १,२९० दिवस येतात आणि लगेच पुढच्या वचनात १,३३५.

हे आकडे मक्काबींच्या तारखांशी ताडून पाहा. मंदिर विटाळलं किस्लेव या यहुदी महिन्याच्या १५ तारखेला आणि शुद्ध झालं तीन वर्षांनी २५ किस्लेवला. यहुदी पंचांग आपल्यासारखंच चांद्र आहे आणि त्यातही अधिक मास असतो. ३५४ दिवसांची तीन वर्षं म्हणजे १,०६२, वर दहा दिवस, आणि मध्ये एक अधिक मास आला असेल तर आणखी ३०. बेरीज १,१०२. म्हणजे १,१५० हा आकडा बराच जवळ जातो, पुढचे दोन लांब पडतात. दानीएलाचे दृष्टांत याच संकटाच्या वर्षांत आजच्या रूपात लिहिले गेले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अकराव्या अध्यायात ३९ व्या वचनापर्यंत राजांचा इतिहास बारकाईने जुळतो. ४० पासून जुळत नाही. तिथे राजाचा अंत समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये होतो, प्रत्यक्षात अँटिओकस दूर इराणकडे मेला. वाढत गेलेले दिवस ही वाट पाहणाऱ्यांची खूण आहे, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. आम्हालाही ते पटतं. मुदत उलटली, सुटका आली नाही, तरी माणसं टिकून राहिली. यामुळे पुस्तकाचं मोल कमी होत नाही, उलट त्यामागचे लोक जवळचे वाटू लागतात.

आजच्या युद्धांचं म्हणाल तर साडेतीन कुठेही सापडतं. दीपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ ला नाणूसचा किल्ला घेतला आणि त्यांचं बंड १८५५ पर्यंत, सुमारे साडेतीन वर्षं चाललं. म्हणून कोणी ते दानीएलात शोधत नाही.

प्रश्न : आफ्रिकेतल्या एका शेतकरी द्रष्ट्याने बायबलच्या आधाराने सेनापतीच्या मरणाची तारीखसुद्धा आधी सांगितली होती, असा संदेश मोबाईलवर फिरतो आहे. खरं आहे का? (डिचोली)

उत्तर : तो माणूस निकोलास व्हान रेन्सबर्ग, दक्षिण आफ्रिकेतल्या पश्चिम ट्रान्सवालचा बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाचा, शेतकरी. इंग्रजांविरुद्धच्या १८९९ ते १९०२ च्या युद्धात तो बोअर जनरल द ला रे यांच्या तुकडीबरोबर असे. बायबलखेरीज त्याचं फारसं वाचन नव्हतं. पुढे त्याला एक दृष्टांत झाला : काळ्या ढगावर १५ हा आकडा, त्यातून गळणारं रक्त, बोडक्या डोक्याने घरी परतणारे द ला रे आणि मागे फुलांनी भरलेली गाडी.

संदेशात पुढचं येत नाही. लोकांनी हा आकडा आधी १५ ऑगस्ट १९१४ ला लावला. त्या दिवशी ट्रॉयरफोंटेनला सुमारे ८०० बोअर जमले, आता इंग्रजांविरुद्ध उठाव होणार या अपेक्षेने. द ला रे यांनी त्यांना शांत राहायला सांगितलं आणि सभा पांगली. बरोबर महिन्याने, १५ सप्टेंबरला रात्री, दरोडेखोरांच्या एका टोळीसाठी लावलेल्या पोलिसांच्या नाक्यावर द ला रे यांची मोटार थांबली नाही. गोळी लागून ते गेले. त्यानंतर १५ चा अर्थ ‘पक्का’ झाला. त्याच द्रष्ट्याला झुंजणाऱ्या बैलांत करडा बैल, म्हणजे जर्मनी, जिंकताना दिसला होता. त्या भरवशावर काही जण बोअरांच्या १९१४ च्या बंडात उतरले. बंड काही महिन्यांत मोडलं आणि जर्मनी हरला.

असा संदेश आला की शब्द घटनेच्या आधी कागदावर उतरले होते का ते पाहा, आणि त्याच माणसाची चुकलेली भाकितं मागा. व्हान रेन्सबर्गचे बरेच दृष्टांत त्याच्या मुलीने नंतर लिहून ठेवले.

१८९९ च्या युद्धात बोअर गनिमी काव्याने सुमारे दोन वर्षं टिकले त्याची कारणं साधी होती. प्रत्येकाने स्वतःचा घोडा, रायफल, ३० काडतुसं आणि आठ दिवसांचं खाणं, त्यात वाळवलेलं मांस, घेऊन यायचं. त्यांच्या जर्मन माउझर रायफलींची काडतुसं संपली की इंग्रजांकडून हिसकावलेल्या रायफली आणि त्यांचीच काडतुसं. रसद शेतघरांतून येई, म्हणून इंग्रज सेनापती किचनरने हजारो शेतघरं जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडलं. तिथे सुमारे २६,००० बोअर बायका-मुलं आणि काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांत किमान १४,००० माणसं दगावली. शिवाय काटेरी तारेने जोडलेल्या सुमारे ८,००० चौक्या उभ्या केल्या. दोन पत्र्यांच्या मध्ये खडी भरायची, आत जेमतेम सात-आठ शिपाई. घोडदळाची वाट त्याने बंद झाली. पकडलेल्या बोअरांपैकी काहींना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत आणून ठेवलं होतं, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.

प्रश्न : १९१४ हे वर्ष बायबलमध्येच आहे, असं सांगतात. कसं? (म्हापसा)

उत्तर : वर्ष लिहिलेलं नाही, काढलेलं आहे. दानीएलाच्या चौथ्या अध्यायातले ‘सात काळ’ × ३६० = २,५२० दिवस. बायबलच्याच यहेज्केल पुस्तकातल्या ‘दिवसाला वर्ष’ या वचनावरून ती २,५२० वर्षं केली. इ.स.पू. ६०६ पासून मोजत अमेरिकेतल्या चार्ल्स टेझ रसेल यांनी १९१४ काढलं. यात दोन अडचणी आहेत. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य वर्ष नसतं, म्हणून एक वर्ष कमी पडतं. पुढे आरंभ ६०७ ला सरकवला गेला तो यामुळेच. दुसरी अडचण मोठी : इतिहासकारांच्या मते यरुशलेम पडलं ते इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये.

ही शिकवण न्यासालँडमध्ये, आजच्या मलावीत, एलियट कामवाना यांनी १९०८-०९ मध्ये पोहोचवली. ऑक्टोबर १९१४ मध्ये गोऱ्यांचं राज्य संपेल असं हजारोंनी मनाशी धरलं. ऑक्टोबर सरला. जानेवारी १९१५ मध्ये बाप्टिस्ट पाळक जॉन चिलेम्ब्वे यांनी उठाव केला. मळ्यांवरची वेठ आणि महायुद्धात मरणारे आफ्रिकी शिपाई ही त्यांची स्वतःची, स्पष्ट शब्दांत मांडलेली कारणं होती. टेलिफोनच्या तारा तोडल्या, पण ब्लांटायरच्या शस्त्रकोठारावरच्या छाप्यात मोजक्याच बंदुका हाती लागल्या आणि इतरत्र लोक वेळेवर उठले नाहीत. ३ फेब्रुवारीला चिलेम्ब्वे मारले गेले. न आलेल्या तारखेने किती जणांचं बळ खचवलं असेल, याचा विचार मन अस्वस्थ करतो.

प्रश्न : राण्यांच्या किंवा पोर्तुगिजांच्या बाजूने अशी काही भविष्यवाणी होती का? (वाळपई)

उत्तर : पोर्तुगिजांकडे होती. पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव ४ ऑगस्ट १५७८ ला मोरोक्कोत पडला आणि तो परत येणार ही आशा शतकानुशतकं जिवंत राहिली. ट्रांकोझो गावच्या बांदार्रा नावाच्या चांभाराची कवनं त्याला आधार होती. जेझुइट पाद्री आंतोनियो व्हिएरा यांनी दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातला, साम्राज्यांचा पुतळा फोडणारा दगड म्हणजे पोर्तुगालचं पाचवं साम्राज्य, असा अर्थ लावला. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्यावर खटला चालवला. ज्या वचनात दबलेली माणसं आपली सुटका वाचतात, त्यातच राज्यकर्त्याला स्वतःचं राज्य दिसलं.

राण्यांची कारणं जमिनीतली होती : मोकासे (वंशपरंपरेने मिळालेली गावं), कर, मानमरातब. घाट, म्हादईकाठचं रान, पावसात बंद होणाऱ्या वाटा आणि नव्या काबिजादींपलीकडची, म्हणजे पोर्तुगिजांनी गोव्यात मागाहून मिळवलेल्या मुलखापलीकडची, ब्रिटिश हद्द, यांवर बंड तगलं. १८९५ चं बंड सुरू झालं ते फौजेतूनच. मराठा सैनिकांनी मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतीत जायला नकार दिला, नाणूस गाठलं आणि दादा राणे त्यांना मिळाले. मोझांबिकमध्ये तेव्हा तिथल्याच गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना याच्याशी पोर्तुगिजांचं युद्ध चाललं होतं. डिसेंबर १८९५ मध्ये तो पकडला गेला. त्याच भूमीवर २५ सप्टेंबर १९६४ ला फ्रेलिमो या स्वातंत्र्य चळवळीने सशस्त्र लढा सुरू केला आणि गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा त्या चळवळीच्या जवळच्या सल्लागारांत होते.