सफरचंदाचं व्हिनेगर: थंडीत झाकण, उन्हाळ्यात फडकं

ताई, बरणी लगेच ओतून देऊ नका. तुम्ही लिहिलंय की ५ किलो सफरचंदं चिरली, साखर-पाणी घातलं, तोंडाला मलमल बांधून इंदिरानगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत ठेवली. आता बाराव्या दिवशी वर पांढरी साय आलीय आणि नेलपॉलिशचा वास येतोय. आधी सायीकडे नीट बघा. कोरडी, सुरकुतलेली, चमच्याने हलवली की तुकडे होणारी असेल तर ती हवेतल्या रानटी यीस्टची. काढून टाका, जिवाला धोका नाही, पण चव बिघडवते. गुळगुळीत, जेलीसारखी चिवट असेल तर ती ‘मदर’, म्हणजे व्हिनेगरच्या जिवाणूंनी विणलेली चादर. तिला हात लावू नका. हिरवी, काळी, लव आलेली असेल तर ती बुरशी. मग मात्र सगळंच फेका, वरवर काढून भागत नाही.

नेलपॉलिशचा वास इथाइल ॲसिटेटचा. हलका असेल तर पुढे उडून जातो. बरणी उघडल्यावर डोळ्यांत जात असेल तर आशा सोडा.

चूक तुमची नाही, त्या सगळीकडे फिरणाऱ्या रेसिपीची आहे. व्हिनेगर म्हणजे एकामागून एक अशी दोन कामं. आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. त्याला हवा नको. नंतर जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात. त्यांना हवा हवीच. उघड्या बरणीत दोघांना एकदम बसवलं की एकाचंही धड होत नाही. अल्कोहोल पुरेसं नाही, आंबटपणा पुरेसा नाही, मधल्या मध्ये सायीचं आणि बुरशीचं फावतं. मी पुढे १५ वर्षं वाईनच्या प्रयोगशाळेत काढली, तरी घरचा माझा पहिला प्रयोग ऐन श्रावणात असाच गेला होता. तीन बरण्या, तिन्हींवर लव, आणि घरभर चिलटं.

आपल्या नाशिकची हवा मात्र या कामासाठी जणू बेतून दिलेली आहे. यीस्टला १५ ते २० अंश मानवतं, ते आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत फुकट मिळतं. (निफाडवाल्यांनी भांडं पांघरुणात गुंडाळावं, तिकडे यीस्ट गारठून झोपतं.) व्हिनेगरच्या जिवाणूंना २५ ते ३० अंश लागतात, ते फेब्रुवारीअखेरपासून मिळतात. काश्मीरचा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरपूर असतो. म्हणजे दिवाळीनंतर फळ घ्यायचं, थंडीत झाकून ठेवायचं, होळीच्या सुमारास फडकं बांधायचं. मे महिन्यात पहिला टप्पा सुरू करू नका. उकाड्यात यीस्ट भडकतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतं.

फळ डागी चालेल, सडकं नाही. सडक्या सफरचंदातल्या बुरशीचं पॅट्युलिन नावाचं विष रसात उतरतं, म्हणून सडका भाग दिसला की फळच बाजूला. नुसतं लाल डिलिशस घेतलंत तर रस गोड पण मिळमिळीत होतो. किलोमागे एखादं हिरवं आंबट सफरचंद टाका. मिक्सरमधून काढून पंच्यात पिळा, ५ किलोला ३ लिटरच्या आसपास रस निघेल. फोडी-पाणी-साखर प्रकारापेक्षा नुसता रस कधीही बरा. सरबत टिकावं म्हणून घालतो ती केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पावडर इथे नको, आणि प्रिझर्व्हेटिव्ह असलेला तयार रसही नको. ज्या पावडरीने जंतू मारायचे तीच घालून जंतूंना कामाला कसं लावणार?

रस काचेच्या बरणीत, वरची पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवून. वाईनचं यीस्ट लिटरला पाव ग्रॅम; नाहीच मिळालं तर पावाचं ड्राय यीस्ट. झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी घट्ट बसवा, दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. झाकण कचकचून बंद मात्र कधीच करू नका, काच फुटते.

हायड्रोमीटर, म्हणजे रस पाण्यापेक्षा किती दाट आहे ते दाखवणारी तरंगती काचनळी, घ्या. एवढा एकच खर्च टाळू नका. दुधाचा लॅक्टोमीटर चालत नाही, त्याची पट्टी पुरत नाही. सफरचंदाचा रस साधारण १.०४५ ते १.०५० दाखवतो. आकडा १.००० किंवा त्याखाली आला आणि तीन-चार दिवस तिथेच राहिला की साखर संपली. १.०४८ वरून निघालात तर अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आसपास, आणि व्हिनेगरला तेच हवं. म्हणून वरून साखर नको. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका. थंडीतही ते थांबतात.

तुमच्या मिस्टरांनी विचारलंय की इथेच थांबून सायडर म्हणून का पिऊ नये. नको. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःपुरतं केलं तरी. माझं उत्तर व्हिनेगरपुरतंच आहे.

आता दुसरा टप्पा. वरचा नितळ भाग गाळावरून रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात घ्या, त्यात पाव हिस्सा ‘मदर’वालं, न तापवलेलं व्हिनेगर ओता. या पाव हिश्श्यानेच अर्धी लढाई जिंकली जाते, कारण भांडं पहिल्या दिवसापासून आंबट असतं आणि पांढऱ्या सायीला पाय रोवता येत नाही. चार पदरी मलमल, त्यावर घट्ट रबर. चिलटं एका पदरातून शिरतात. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम जवळही नको. दोन ते तीन महिने, सावलीत, न हलवता.

किती कडक झालं हे पीएचच्या पट्टीवरून कळत नाही. त्यासाठी बारावीच्या केमिस्ट्रीतलं टायट्रेशनच, म्हणजे थेंबथेंब अल्कली घालून ॲसिड मोजणं, करावं लागतं, सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फथॅलीन घेऊन. ते केलं नसेल तर हे व्हिनेगर सॅलडला, चटणीला वापरा. महिनोन्‌महिने टिकवायच्या लोणच्याला नको. तयार झाल्यावर बाटल्या गळ्यापर्यंत भरून बंद करा. हवा राहिली तर तेच जिवाणू केलेलं ॲसिड खायला लागतात आणि व्हिनेगर दिवसेंदिवस पाणचट होतं.

शेवटी विचारलेल्या द्राक्षांबद्दल: मार्चमधल्या पिकल्या थॉमसनच्या रसात साखर जवळपास दुप्पट असते, त्याचं अल्कोहोल ११ टक्क्यांपर्यंत जातं आणि जिवाणू त्यात मंदावतात. आंबून झाल्यावर उकळून गार केलेलं पाणी निम्मं-निम्मं घाला, मगच मलमल बांधा. आणि तेव्हा नाशिकला उकाडा सुरू झालेला असतो, त्यामुळे पहिला टप्पा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. आमच्याकडे तो देवघराखालचा आहे, त्यावरून सासूबाई अजून बोलतात.