वाचक विचारतात: हॉलची चावी आणि घरची संध्याकाळ

मागच्या अंकात सार्वजनिक नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाविषयी दोन शब्द लिहिले होते, त्यावर बरीच पत्रं आली. मी स्वतः २६ वर्षं मराठवाड्यातल्या एका नाट्यगृहावर व्यवस्थापक होतो, आता रिटायर आहे. चार पत्रांना जमेल तशी उत्तरं देतो.

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातला, वय २७, बी.ए. झालंय. एका सभागृहावर ११ महिन्याच्या करारावर व्यवस्थापक म्हणून लागलोय. घरी म्हणतात ही काय नोकरी आहे, नुस्तं कुलूप उघडायचं आन लावायचं. स्थळं बघणं चालू आहे, मुलीकडचे विचारतात पोरगा नेमकं करतो काय, तर मलाच सांगता येत नाही. यात पुढं काही आहे का सोडून देऊ?

भाऊ, एकेरीतच बोलतो, माझ्या पोराच्या वयाचा आहेस. आधी तुझा एक दिवस कागदावर लिहून काढ. डिसेंबर-जानेवारीतला लिही, गॅदरिंगच्या सीझनचा. सकाळी नऊला शाळेचं स्नेहसंमेलन, दीडला लेकरं बाहेर, तीनला पतसंस्थेची सर्वसाधारण सभा, रात्री साडेनऊला नाटक. मधल्या टायमात चिप्सच्या पुड्या झाडायच्या, नाटकाचा टेम्पो मागं लावून घ्यायचा, लाईटवाल्याला किती लोड लागतो ते विचारायचं, जनरेटरमधलं डिझेल बघायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते बघायचं. हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटायचं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही टाकीची पातळी बघून मगच बुकिंग घ्यायचो, कारण सातशे माणूस आत बसलं आणि संडासात पाणी नसलं तर बायामाणसांचे काय हाल होतात ते मी बघितलंय.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे चावीचं काम काय असतं ते तुझ्या घरच्यांना कळंल. एका शाळेचं गॅदरिंग होतं, हॉल खच्चून भरलेला, पायऱ्यांवर सुद्धा पालक बसलेले. फुकटे घुसायलेत म्हणून संयोजकांनी डाव्या बाजूच्या बाहेर जायच्या दाराला आतून साखळी घालून कुलूप लावलं, मला न विचारता. मी राउंडला गेलो तेव्हा ते दिसलं. चावी कुणाकडं तर एका सरांकडं, आणि सर चहाला गेलेले. मी कार्यक्रम थांबवला. पंधरा मिनिटं लोकं बोंबलली, एका पालकानं माझी कॉलर धरली, पण दार उघडंस्तोवर मी पडदा उघडू दिला नाही. दिल्लीत १३ जून १९९७ ला उपहार थिएटरला आग लागली, ५९ माणसं गेली, ती बहुतेक धुरानं गुदमरून गेली, बाल्कनीतून बाहेर पडायची वाट अडलेली होती. मी ते कात्रण ऑफिसच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. आणि कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा मला झोप लागली नाही. आत प्रेक्षक नव्हते हे नशीब. पडदे, लाकूड, फोम, वायरी, नाट्यगृहात जळणारंच सामान जास्त असतं रे.

म्हणून मुलीकडच्यांना सांग, रोज पाचशे-सातशे माणसं माझ्या भरवशावर बंद दाराच्या आत बसतात आणि त्यांना सुखरूप घरी पाठवायचं काम मी करतो. खरं तेच सांगायचं आहे, लाजायचं काही कारण नाही. अमेरिकेत तर १९२४ सालीच हॉल सांभाळणाऱ्या मॅनेजर लोकांनी आपली संघटना काढली, ती आजपण चालू आहे, परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळतं. आपल्याकडं तसं काही नाही म्हणून लोकांना हा वॉचमन वाटतो.

पुढचं म्हणशील तर करार तो करारच, त्याच्या भरवशावर घराचं कर्ज काढू नको. पण हे ११ महिने वाया घालवू नको. डिमर (स्टेजचे लाईट कमी-जास्त करायचं यंत्र) आणि साउंड मिक्सरवर स्वतः हात बसव. फायर ऑडिटची फाईल वाच, आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणं आगीची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, तो कोण देतं, काय तपासतं, सगळं विचारून घे. जमलं तर नाट्यशास्त्र शिक, संभाजीनगरच्या विद्यापीठात विभाग आहे, नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. नटच व्हायला पाहिजे असं नाही, नेपथ्य आणि प्रकाशयोजना कळणारा व्यवस्थापक मिळत नाही म्हणून हॉल खराब होतात. आणि प्रत्येक कामाचा अनुभवाचा दाखला सहीशिक्क्यानं घेऊन ठेव, पुढं कॉलेजचं ऑडिटोरियम असो का इव्हेंटवाल्याकडं काम असो, तोच उपयोगी पडतो.

प्रश्न: आमचा लातूरचा हौशी ग्रुप आहे, पहिल्यांदाच तिकीट लावून नाटक करायचंय. हॉल घेताना काय बघावं?

तारीख पक्की व्हायच्या आधी पैसे वाटू नका, पावती हातात आली की तारीख तुमची. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो, ते आधी टाका. पोलीस परवानगीचं हॉलवरच विचारा. सेटची लांबी-रुंदी आणि उंची लिहून द्या, मागच्या दारातून सेटच्या भिंतीचे फ्लॅट आत येईनात म्हणून ऐन वेळी करवतीनं कापलेले मी बघितलेत. साउंड चाचणी दुपारीच उरका.

प्रश्न: मी पण एका सभागृहावर व्यवस्थापक आहे. नाव छापू नका. एका नृत्यवर्गाचं बुकिंग तीन महिन्यापासून आहे, आता त्याच दिवशी मोठ्या पुढाऱ्याचा कार्यक्रम ठरला. रोज फोन यायलेत, ती तारीख काढा म्हणून. नाही म्हणलं तर बदली, हो म्हणलं तर त्या लेकरांचं काय?

भाऊसाहेब, हे माझ्यावर किती वेळा आलं ते मोजलं नाही. फोनवर हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. एकच वाक्य, "साहेब, अर्ज लेखी द्या, मी वर पाठवतो." मग बुकिंग रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स, पावती नंबर, पैसे भरल्याची तारीख, सगळं जोडून तुमच्या वरिष्ठांकडं टपालात टाका आणि आवक नंबर घ्या. दहातले सात जण लेखी द्यायचं म्हणलं की गप बसतात. आणि त्या तारखेच्या जवळची एखादी मोकळी वेळ तुम्हीच सुचवा, बऱ्याचदा त्यांच्या पीएलाच घाई असते, साहेबाला पत्ता पण नसतो.

एकदा वरून लेखी आदेश आला आणि मला तारीख काढावी लागली, एका बालनाट्याची. मी त्या बाईंना फोन केला नाही, घरी गेलो, तोंडानं सांगितलं. त्यांच्या दारात पुठ्ठ्याचे मुकुट वाळत घातले होते, सोनेरी रंग ओला होता अजून. ते डोळ्यासमोरून अजून जात नाही. तुम्हाला पण जावं लागलं तर स्वतः जा, शिपायाला पाठवू नका.

प्रश्न: माझे मिस्टर नांदेडकडच्या एका नाट्यगृहावर व्यवस्थापक आहेत. सगळं जग संध्याकाळी घरी येतं तेव्हा हे निघतात, रात्री एक-दीडला येतात. दिवाळी पहाट, एकतीस डिसेंबर, रविवार, कधीच घरी नाहीत. सहा वर्षाची मुलगी आहे, ती विचारते बाबा आपल्या घरी राहत नाहीत का. भांडले की म्हणतात कामच तसं आहे. मी काय करू?

ताई, तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता लिहायलेत उत्तरं, तेव्हा कुठं गेलते?" तिचं बरोबर आहे, म्हणून तुमच्या मिस्टरांची बाजू घ्यायच्या आधी माझी चूक सांगतो.

राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस होते. नाटक संपलं, हॉल रिकामा झाला, मी लाईट बंद करायला लागलो आणि एक ताई ऑटोतून परत आल्या, मंगळसूत्र गळ्यातून पडलं म्हणून. रडून त्यांचा आवाज निघत नव्हता. आम्ही चौघं जण बॅटऱ्या घेऊन त्यांच्या रांगेपासून सुरू झालो, खुर्च्या एकेक उचलून बघितल्या, काळे मणी काळ्या गालिच्यावर, दिसतात कुठं. पाऊण वाजता सापडलं, खुर्चीची बसायची गादी मिटते ना, त्या फटीत वाटी अडकली होती. मी घरी पोचलो तेव्हा दीड. बायको जागी, तिचं ताट माझ्या ताटाशेजारी झाकलेलं. मी म्हणलं, "काम होतं," आणि जेवून झोपलो. काय काम होतं ते सांगितलं नाही. वर्षभरानं त्या ताई संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी आल्या तेव्हा हिला कळलं. त्या दिवशी ती माझ्यावर जेवढी चिडली तेवढी उशिरा आल्यावर कधीच चिडली नव्हती. म्हणाली, "मी जागत बसायचे ते कशासाठी, एवढं तरी सांगायचं ना."

तर ताई, पहिलं म्हणजे त्यांना रोज दोन वाक्यं सांगायला लावा, आज हॉलवर काय झालं. तुम्ही आधी झोपा, जागत बसू नका, पण सकाळच्या चहाला ते ऐका.

दुसरं, आणि याला मी फार उशीर केला. बहुतेक हॉलला देखभालीसाठी आठवड्यात एक दिवस ठेवता येतो. त्यांनी वरिष्ठांशी बोलून तो लेखी मंजूर करून घ्यावा, आणि बुकिंग रजिस्टरला वर्षाच्या सुरुवातीलाच लाल शाईनं मांडून टाकावा, तोंडी ठेवला तर टिकत नाही. आम्ही सोमवार धरला होता. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत खरंच देखभाल, डिमर उघडायचा, उंदरानं कुरतडलेल्या वायरी बघायच्या, खुर्च्यांचे नट आवळायचे, आणि दोननंतर घर. सोमवारची संध्याकाळ लेकीची. तेव्हा ती सातवीत गेली होती, पहिली सहा वर्षं शाळेची गेलीच माझ्या हातातून, ती परत आली नाहीत. तुमची अजून सहाची आहे.

रविवार मात्र मागू नका, तो मिळायचा नाही, त्यावरून भांडण करून दोघांचीही झोप जाईल.

आणि एखाद्या सोमवारी लेकीला घेऊन हॉलवर जा. रिकाम्या स्टेजवर तिला उभी करा, तिच्या बाबाला वरचा एक लाईट तिच्यावर टाकू द्या. बाबा कुठं राहतात ते तिला दिसंल. जाताना डबा न्या, आणि रोजचा डबा पण संध्याकाळी सहालाच पाठवत जा, पहिली घंटा झाली की त्यांना घास खायला फुरसत मिळत नाही.